निळ्या झाकणाची बाटली

माझे पुढचे दोन दात भडक्याने पाडले, त्यामुळे त्याच्याबद्दल लिहायचा पहिला हक्क माझा. आमच्या शेडवाल्यांच्या संघाने वार्षिक अंकासाठी मजकूर मागितला होता. गल्लीतल्या एखाद्या जुन्या कारागिराची ओळख, एक पान. दिलं मी एक पान. कष्टाळू, सचोटीचा, मितभाषी वगैरे. मितभाषी म्हणे! हा माणूस बोलायच्या आधी मारतो, मग बोलायला उरतं काय? खरं काय ते या वहीत लिहितोय.

भडक्या वेल्डर, मी टर्नर. दोघांची शेडं एकाच पत्र्याखाली, मधे छातीएवढी भिंत. त्याच्याकडे गेट, जिने, खिडक्यांच्या जाळ्या. माझ्याकडे एक लेथ आणि त्याच्यावर होतील ती कामं. सव्वीस वर्षं मी त्याच्या ठिणग्या सोसल्या आणि त्याने माझी जीभ. भडक्या हे नाव गल्लीने ठेवलं आणि त्याने ते इमानाने कमावलं. एकदा एक ठेकेदार त्याच्या जिन्याला "कच्चं काम" म्हणाला. भडक्याने त्याची मान धरली, त्याच जिन्याच्या पायरीवर त्याचं तोंड आपटलं आणि विचारलं, "बघ, तुटली का?" पायरीला काही झालं नव्हतं. नाक मोडलं होतं.

पण हा राग जन्मजात नव्हता. त्याची आई उजव्या डोळ्याने आंधळी. बापही वेल्डर, शेड हेच. भडक्या आठ वर्षांचा असताना बापाने कशावरून तरी तिच्या तोंडावर पालथा हात मारला. बोटात अंगठी होती. दहा दिवसांत डोळा पांढरा पडला तो कायमचा. पोराने ते पाहिलं आणि दहा वर्षं पोटात ठेवलं. अठराव्या वर्षी एके सकाळी बाप कामाला वाकलेला असताना याने इंची पाइप उचलला आणि बापाचा उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला. "एक फटक्याचा, एक डोळ्याचा," म्हणाला. बाप संध्याकाळी घर सोडून गेला तो गेलाच. कुठे मेला तेही वर्षभराने कळलं, आणि हा पठ्ठ्या त्या दिवशीसुद्धा गेटाला बिजागऱ्या जोडत होता. लग्न केलं नाही. का, म्हणून मी एकदा चहा पिताना विचारलं, तर म्हणाला, "मी पण त्याचाच ना. उगाच आणखी कुणाचा डोळा जायला नको."

तर घरात आई आणि तो. आणि शेडमध्ये काजळी.

काजळी म्हणजे मांजर. काळी कुळकुळीत, शेपटीचं टोक जळलेलं, आणि नखरा असा की शेड तिच्या बापजाद्यांचं असावं. भडक्या वेल्डिंगची कांडी पेटवायच्या आधी तिला पत्र्याच्या आडोशाला नेऊन बसवायचा. "डोळे मिट गं," म्हणायचा. रस्त्याने जाणाऱ्या माणसांना हे त्याने आयुष्यात सांगितलं नाही.

बाईसाहेब झोपायला मात्र माझ्याकडे. लेथचा बेड, म्हणजे खालचा लोखंडी पाट, दुपारी कोमट असतो, तिथे ताणून द्यायची. तेलात केस, कामात केस, माझ्या नाकात केस. एक दिवस माझं डोकं फिरलं. तेलाच्या चिंध्यांचा बोळा तिच्या अंगावर फेकला आणि ओरडलो, "पुन्हा इथे दिसलीस तर डोळे फोडीन तुझे!"

भिंतीवरून भडक्याचं डोकं वर आलं. "काय म्हणालास?"

"ऐकलंस ते."

तो हातातली कांडी ठेवून भिंतीवरून उडी मारणार, तेवढ्यात त्याचं गिऱ्हाईक आलं. त्या दिवसापासून अबोला. महिनाभर आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना मुके बैल असल्यासारखे राबलो. माझ्या जिभेला हाड नाही हे मला माहीत आहे. बायको रोज सांगते.

मग तो सोमवार. दुपारी पत्र्यावर काजळीची आणि एका पिवळ्या बोक्याची जुंपली. असली मारामारी मी जन्मात ऐकली नव्हती. पत्रा धडाधड वाजत होता, किंकाळ्या, फिसकारणं, वरून केसांचे पुंजके खाली. भडक्या तेव्हा माल आणायला गेला होता. मी एकटा होतो. थोड्या वेळाने काजळी भिंतीवर येऊन बसली. डावा डोळा अर्धा मिटलेला, त्यातून पाणी, आणि पंजाने पुन्हा पुन्हा तो पुसत होती. दाराच्या उजेडाकडे पाठ करून बसली होती.

भडक्या आला, त्याने तिला उचललं. मला सगळं ऐकू येत होतं. "आर्क लागली वाटतं गं तुला! बघू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं?"

वेल्डरच्या डोळ्याला आर्क लागते म्हणजे काय, ते आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उघड्या डोळ्याने तो जाळ पाहिला की काही तासांनी डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाणी गळतं, उजेड सोसवत नाही. त्यावर प्रत्येक वेल्डरकडे एकच इलाज असतो. निळ्या झाकणाची छोटी बाटली. मेडिकलवाला चिठ्ठी न मागता देतो, दोन थेंब टाकले की सकाळी लाली गायब. भडक्याच्या बापाच्या काळापासून ती बाटली त्याच फळीवर उभी आहे. संपली की नवी येते, जागा तीच.

भडक्याने तीच उतरवली.

आता ऐका. आर्क लागते ती दोन्ही डोळ्यांना. एका डोळ्याने कोण बघतं जाळाकडे? काजळीचा दुसरा डोळा टकटकीत उघडा होता. मला ते पहिल्या क्षणाला दिसलं. बोक्याचं भांडणही मीच ऐकलं होतं. भिंतीवरून एवढंच म्हणायचं होतं, "अरे, एकच डोळा आहे, नख लागलंय." पण अबोला होता ना! मी लेथ सुरू केला.

मंगळवारी डोळ्याची लाली उतरली. भडक्या खूश. त्याच्या आईला, म्हणजे मावशीला, ते पटलं नाही. ती दुपारी जेवण घेऊन यायची. तिने काजळीला मांडीवर घेतलं, आपला चांगला डोळा तिच्या डोळ्याजवळ नेला आणि म्हणाली, "हिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून आतलं पांढरं कातडं वर आलंय बघ. अजून मिटतेच आहे. डॉक्टरकडे ने."

"आई, बरं होतंय. लाली गेली."

"लालीचं काय घेऊन बसलास? ती जेवली नाही."

"उद्या बघू."

बुधवारी डोळा निळसर धुरकट झाला. त्याने थेंब वाढवले, दोनाचे चार. गुरुवारी सकाळी बुबुळाच्या मधोमध खड्डा होता. काच टोचल्यावर पडतो तसा, आणि कडेने शेंबडासारखं काहीतरी ओघळत होतं.

मी लेथच्या फिरत्या चकवर काम चढवत होतो. भिंतीवरून काहीतरी आलं एवढंच कळलं. पहिला ठोसा तोंडावर. दात माझ्याच जिभेवर पडले, मी ते थुंकलो. दुसरा बरगडीत. मी खाली पडलो तर त्याने केसांना धरून मला लेथच्या पायाशी ओढलं आणि माझं डोकं त्या लोखंडावर आपटलं. "फोडलास ना? फोडलास ना तिचा डोळा? बोललास ते केलंस!" मी हाताला लागला तो पाना त्याच्या गुडघ्यावर मारला. तो वाकला, पण सोडेना. त्याने माझा गळा धरला. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यावर होता, आणि माझी शपथ, तो रडत होता. मारता मारता रडत होता. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

वाचलो ते बायकोमुळे. आमची ही डबा घेऊन आली होती. तिने एक अक्षर न बोलता तो चार पुडांचा स्टीलचा डबा त्याच्या टाळक्यात घातला. दोनदा. दुसऱ्यांदा डबा उघडला आणि भाजीसकट सगळं त्याच्या डोक्यावर. त्याचं रक्त भुवईवरून वाहायला लागलं, तेव्हा कुठे हात सुटला.

दारात मावशी उभी होती. काजळीला जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून छातीशी धरलेली, फक्त डोकं बाहेर. ती ना किंचाळली, ना मधे पडली. म्हणाली, "झालं का मारून? आता रिक्षा बोलाव. हिचा डोळा अजून गेला नाही. तुम्ही दोघं नंतर मरा."

जनावरांच्या दवाखान्यात आम्ही असे शिरलो. त्याच्या डोक्यातून रक्त आणि भाजी, माझ्या तोंडातून रक्त, आणि मधे म्हातारी गाठोडं घेऊन. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "यातला पेशंट कोण?"

काजळीला टेबलावर घेतलं. बाईंनी तिच्या डोळ्याला रंगाची एक पट्टी लावली, दिवे घालवले आणि निळ्या बत्तीचा झोत टाकला. खड्डा हिरवागार चमकला. त्या खड्ड्यातून एक सरळ हिरवी रेघ निघाली होती, पापणीपर्यंत.

"ही रेघ बघा. नखाचा ओरखडा आहे. दुसऱ्या मांजराशी भांडली असणार. कुणी मारलेलं नाही."

भडक्याने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या तोंडावरचा रुमाल काढून त्याला दात दाखवले. म्हणजे नसलेले.

"पण ओरखड्याने एवढं होत नाही," बाई म्हणाल्या. "असला ओरखडा वेळेवर औषध पडलं तर बहुतेक वेळा आठवड्यात भरतो. तुम्ही काय टाकलंत?"

त्याने खिशातून बाटली काढली. बाईंनी ती उजेडात धरून वाचली आणि इतक्या जोरात टेबलावर आपटली की काजळी गाठोड्यातून उसळली.

"यात स्टिरॉइड आहे! बुबुळाला जखम असताना हे टाकलं की जखम भरत नाही, उलट ती जागा वितळायला लागते. लाली जाते, म्हणून तुम्हाला बरं वाटतं. आतून डोळा जातोय! मांजर एक डोळा मिटायला लागली, पाणी गळलं, उजेड टाळला, की त्याच दिवशी आणायचं. घरातली बाटली उघडायची नाही. माणसाची तर नाहीच. आणि तुम्ही वेल्डर ना? तुमच्याही डोळ्यात हे घालू नका. लोखंडाच्या कणीने ओरखडा पडला असेल तर तुमचंही हेच होईल."

भडक्या बाईंच्या समोर तोंडात मारल्यासारखा उभा होता. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी केलं."

"डोळा वाचवायचा आहे की रडायचं आहे?" बाईंनी विचारलं. "धरा तिला."

तिच्याच गळ्यातून रक्त काढलं. ते यंत्रात फिरवून वर आलेलं पिवळसर पाणी एका बाटलीत भरून दिलं. ते थेंब वितळणं थांबवतात म्हणे. शिवाय जंतूंसाठी दुसरे. दोन्ही तासातासाला, चार दिवस. मग आतली तिसरी पापणी ओढून डोळ्यावर शिवायची, आणि तीन आठवड्यांनी टाके काढल्यावरच कळणार की खाली डोळा आहे की नाही.

आता गंमत बघा. थेंब टाकायला दोन माणसं लागतात. एकाने धरायचं, एकाने टाकायचं. भडक्याने पहिल्याच वेळी थेंब तिच्या कानात टाकला. मला तेव्हा कळलं की त्याला जवळचं धड दिसत नाही. तीस वर्षांच्या जाळाने त्याच्याही डोळ्यांची वाट लावली होती आणि हा गडी वेल्डिंगचे टाके अंदाजाने मारत होता. मी भिंतीवरून बघत होतो. बरगडीला पट्टा, तोंड सुजलेलं. आणि माझ्या पोटात तो सोमवार सलत होता.

"दे इकडे," मी म्हणालो.

आमची ही संध्याकाळी माझ्यावर उखडली. "दात त्याने पाडले आणि थेंब तुम्ही टाकताय? डोकं आपटलं ते बरोबरच आपटलं म्हणायचं!"

ते चार दिवस म्हणजे लढाई होती. गळ्यात भोंग्यासारखी कॉलर अडकवलेली काजळी, तिच्या चारी पायांना मिळून अठरा वस्तरे. भडक्या तिला टॉवेलात आवळून मांडीत दाबायचा, ती त्याच्या मनगटात दात रुतवून गुरगुरायची, रक्त टॉवेलवर उतरायचं, आणि हा म्हणायचा, "चाव गं, चाव. माझी लायकीच ती." मी मागून हात आणायचो, पापणी वर करायचो, थेंब सोडायचो. माझ्या हातावर अजून सात व्रण आहेत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला राहवलं नाही. थेंब टाकून झाला होता. मी म्हणालो, "सोमवारी पत्र्यावर बोक्याचं भांडण मी ऐकलं होतं. एकच डोळा मिटलाय हेही पाहिलं होतं. आर्क नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. तू बाटली उतरवलीस तेव्हा मी गप्प बसलो. तुझ्याशी बोलायचं नव्हतं म्हणून."

त्याने काजळीला खाली ठेवलं. उठला. मी हात आडवे घेतले नाहीत. खाडकन कानफटात बसली, इतकी की भिंतीला डोकं लागलं. ती माझी होती, मी घेतली. मग तो पुन्हा खाली बसला आणि टॉवेल झटकून म्हणाला, "दुसरे थेंब राहिलेत. घे."

तीन आठवडे झाले. टाके काढले. डोळा होता! मधोमध तांदळाएवढा पांढरा डाग, पण आकार शाबूत. बाईंनी तिचा चांगला डोळा झाकला आणि समोरून कापसाचा बोळा खाली सोडला. काजळी ढिम्म. पुन्हा सोडला. ढिम्म. भडक्याने टेबलाची कड अशी धरली होती की मला वाटलं आता टेबल जातंय. तिसऱ्यांदा बाईंनी बोळा कडेकडेने सोडला. काजळीचं डोकं वळलं आणि पंजा उठला.

"कडेने दिसतंय," बाई म्हणाल्या. "नशीबवान आहात."

भडक्या बाहेर जाऊन दवाखान्याच्या नळाखाली डोकं धरून उभा राहिला. बराच वेळ.

बाकावर मावशी होती. मला म्हणाली, "बस इथे. त्या बाईंनी पहिल्या दिवशी बाटलीचं काय सांगितलं ते मला नीट सांग. तेव्हा माझं लक्ष काजळीतच होतं, धड ऐकलं नाही."

मी सांगितलं. ओरखडा आधी, वर ते थेंब, मग बुबुळ वितळतं. लाली जाते म्हणून बरं वाटतं.

ती ऐकत होती. तिचा पांढरा डोळा माझ्याकडे, चांगला समोर. "निळ्या झाकणाचीच ना?"

"हो."

"तीच होती." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "यांनी मारलं तेव्हा अंगठी लागली. डोळा लाल झाला, पण दिसत होतं रे मला. दोन दिवस स्वच्छ दिसत होतं. मग हा फळीवरची बाटली घेऊन आला. बापाला बरं वाटतं ना, मग आईलाही वाटेल, म्हणाला. शाळेला जाताना, शाळेतून आल्यावर आणि झोपताना माझं डोकं मांडीवर घ्यायचा आणि थेंब सोडायचा. दिवसाला तीनदा. आठ वर्षांचं पोर, एकदा चुकलं नाही."

नळ अजून वाहत होता. मला तो इंची पाइप दिसत होता. एक फटक्याचा, एक डोळ्याचा.

"मारलं ते यांनीच," मावशी म्हणाली. "त्याची माफी मी आजही देणार नाही. पण हे याला कळलं तर हा जगणार नाही. तू बडबड्या आहेस. सांगशील?"

"नाही मावशी."

"जीभ सांभाळशील?"

"सांभाळीन."

तेवढ्यात भडक्या ओल्या डोक्याने आला, काजळीला उचललं, आणि आम्ही घरी आलो.

काल दुपारी तो भिंतीवरून इकडे आला. काजळी लेथच्या बेडवर ताणून पडली होती, मी तिला हाकलत नाही. त्याने ही वही उचलली, नाकापर्यंत नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली आणि माझ्यासमोर टाकली. "माझ्यावर लिहितोयस म्हणे. वाच."

मी वाचलं. ठेकेदाराच्या नाकाला तो हसला. बापाचा हात मोडला तिथे त्याने मला थांबवलं. मग म्हणाला, "बरोबर लिहिलंस. त्या हाताचं मला कधी वाईट वाटलं नाही." दात पडले तिथे त्याने मान खाली घातली, कानफटात बसली तिथे वर केली. कापसाचा बोळा आला, काजळीचा पंजा उठला, तो नळाखाली गेला. मी थांबलो.

"पुढे?"

"संपलं."

त्याने बोटाने पुढची पानं चाळली. भरलेली होती, अक्षर त्याला दिसत नव्हतं, शाई दिसत होती. "मग हे काय आहे एवढं?"

"कामाची मापं आहेत," मी म्हणालो.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग काजळीला थोपटून भिंतीवरून पलीकडे गेला, आणि मी लेथ सुरू केला.